झाडाखाली पडलेला कावळा: नाशिक परिसरात आजारी किंवा मेलेला वन्यपक्षी, वन्यप्राणी दिसला तर काय करायचं

रामकुंडावर दहाव्याचा पिंड मांडला की सगळ्या गणगोताचे डोळे कावळ्याकडे लागतात. कावळा शिवेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. तोच कावळा दुसऱ्या दिवशी गोदाकाठच्या झाडाखाली पंख पसरून पडलेला असतो, तेव्हा मात्र लोक त्याला वळसा घालून निघून जातात. हा लेख त्या पडलेल्या कावळ्यासाठी आहे. त्याच्याकडे कसं बघायचं, कुणाला कळवायचं आणि हात कधी लावायचा किंवा लावायचाच नाही, हे मला सविस्तर सांगायचं आहे.

कावळा मेला तर त्यात एवढं काय, असं वाटू शकतं. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे पटापट मरू लागले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने गेले. देशात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला, म्हणजे आपल्याच नाशिक महसूल विभागात. रानातला रोग रानातच राहतो असं समजण्यात अर्थ नाही. त्याची पहिली खूण बहुतेक वेळा एखाद्या शेतकऱ्याला, मॉर्निंग वॉकला निघालेल्या माणसाला किंवा शाळेच्या वाटेवरच्या पोराला दिसते.

माझी स्वतःची सुरुवात चुकीने झाली. नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर, चापडगावच्या बाजूला, डिसेंबरातल्या एका सकाळी काठावर एक वारकरी बसलेला दिसला. काळाभोर पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. आम्ही जवळ गेलो तरी तो उडाला नाही. पाय मागे लोंबकळत होते आणि पंखांनी वल्हं मारल्यासारखा तो चिखलातून पुढे सरकत होता. मान सावरत नव्हती, चोच सारखी पाण्यात बुडत होती. पापणीच्या आतला पांढुरका पडदा अर्ध्या डोळ्यावर आला होता. माझ्या सोबत्याने त्याला उचलून उपरण्यात गुंडाळलं. वाटेतच तो गेला. आम्ही त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीला अडकवलं आणि दुपारपर्यंत उन्हात फिरवलं. संध्याकाळी पशुवैद्यकाला फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, आणखी किती होते? फक्त वारकरी की बदकंही? मेलेल्यांवर अळ्या होत्या का? पाणी ओसरत होतं का? आम्हाला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. पिशवीतला पक्षी तोवर कुजला होता. तो कशाने गेला ते कधीच कळलं नाही, आणि सोबत्याच्या घरी वीस-पंचवीस गावठी कोंबड्या होत्या हे आम्हाला आठवलं ते दुसऱ्या दिवशी. पुढे जे लिहिलं आहे ते त्या चार प्रश्नांतूनच शिकत गेलो.

पायरी पहिली: लांब थांबा आणि टिपून घ्या

वीस-पंचवीस पावलांवर थांबा. सोबत कुत्रा असेल तर त्याला बांधा. दोन-पाच मिनिटं नुसतं बघा. किती पक्षी किंवा प्राणी आहेत, किती जिवंत, किती मेलेले. एकाच जातीचे की वेगवेगळ्या जातींचे. जातीचं नाव माहीत नसेल तर आकार आणि रंग लिहा, पुढचं काम फोटोवर होतं. ताजे मेलेले आहेत की कुजलेले, कारण दोन्ही एकाच ठिकाणी दिसले तर मरतूक काही दिवसांपासून चालू आहे. आसपास काय आहे: आटणारं डबकं, मेलेले मासे, नुकतीच पेरणी, नुकती फवारणी झालेली बाग, विजेची तार, कोंबडीचा टाकाऊ कचरा.

फोटो काढाच, पण फोटोपेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जास्त कामाचा. मान वाकडी होणं, गोल गोल फिरणं, पाय ओढणं, जबड्याला झटके येणं, ही लक्षणं हालचालीतच कळतात. फोनवरचं लोकेशन लगेच पाठवून ठेवा. तारीख, वेळ, गाव, शिवार, जमलं तर गट नंबर वहीत लिहा. माझ्या गाडीच्या डिकीत यासाठी एक छोटी वही कायम असते.

पायरी दुसरी: हा आजारच आहे का?

नाशकात पडलेला प्रत्येक पक्षी आजारी नसतो. संक्रांतीच्या आगेमागे झाडाखाली घार, बगळा किंवा कबूतर दिसलं की आधी पंखाच्या सांध्यात मांजा अडकलाय का ते दुर्बिणीतून बघा. येवल्याकडे तर हे फारच घडतं. एप्रिल-मेच्या दुपारी चोच उघडी टाकून धापा टाकणारा पक्षी बहुधा उष्माघाताचा असतो. तारेखाली एकटाच पडलेला, पिसं करपलेला पक्षी शॉकचा.

विषबाधा ओळखायला जास्त अवघड, आणि आपल्या जिल्ह्यात तिचा विचार आधी करावा लागतो. द्राक्ष, टोमॅटो, कांदा, मका, सगळीकडे औषधं. मक्याच्या पेरणीनंतर एकाच बांधाजवळ चार-पाच मोर-लांडोर मेलेले दिसले आणि आसपास गुलाबी-निळसर रंग चढवलेलं बियाणं सांडलेलं असलं, तर संशय बियाण्यावरच्या औषधाचा. अशा पक्ष्याच्या तोंडातून लाळ गळते, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी होतात, नखं मुठीसारखी आवळलेली असतात. बांधावर कुत्र्याचं किंवा वासराचं मढं आणि त्याभोवती मेलेल्या माश्या, कावळे, मुंगूस असं चित्र असेल तर मढ्यात विष असू शकतं. तिथल्या कशालाही हात लावू नका. एकाच दिवशी, एकाच जागी, वेगवेगळ्या जातींचे धडधाकट प्राणी मेलेले असणं ही विषाची मोठी खूण. रोग सहसा एवढा नेमका वागत नाही, तो दिवसागणिक पसरतो.

पक्ष्यांमध्ये काय काय दिसतं

आमच्या त्या वारकऱ्याची लक्षणं बॉट्युलिझमशी जुळत होती. हा जंतूंनी तयार केलेल्या विषाचा आजार आहे. पाणी ओसरलं, चिखल तापला, त्यात मेलेले मासे-किडे कुजले की हवा नसलेल्या त्या गाळात हे जंतू वाढतात आणि विष तयार करतात. ते खाल्लेल्या पक्ष्याचे आधी पाय आणि पंख जातात, मग मान. मान टाकलेला पक्षी वीतभर पाण्यातही बुडून मरतो. मेलेल्या पक्ष्यावर माशा अंडी घालतात, अळ्या होतात, अळ्यांमध्ये ते विष साठतं पण अळ्यांना काही होत नाही. दुसरा पक्षी येऊन त्या अळ्या टिपतो आणि तोही पडतो. असं एकामागून एक चक्र फिरत राहतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर सुमारे १८,००० पक्षी गेले ते याच आजाराने. म्हणून पाणथळीवरचे मेलेले पक्षी लवकर गोळा करून विल्हेवाट लावणं हाच या आजारावरचा सगळ्यात मोठा इलाज आहे. पण ते काम वनविभागाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं, कारण लांबून बॉट्युलिझम आणि बर्ड फ्लू यांतला फरक कुणालाही खात्रीने सांगता येत नाही.

नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा उथळ जलाशय नोव्हेंबर ते मार्च थापट्या, चक्रवाक, वारकरी आणि शेकाट्यांनी गजबजलेला असतो. याच महिन्यांत इथे डोळे उघडे ठेवून फिरायला हवं.

बर्ड फ्लूमध्ये कावळा, बगळा, घार किंवा बदक एकाएकी मरतं, किंवा मान मुरगळून गोल फिरतं, तोल जाऊन पडतं. काही रानबदकं मात्र विषाणू अंगात घेऊन ठणठणीत फिरतात. त्यामुळे बदकं बरी दिसतात म्हणून रोग नाही, असं धरून चालत नाही. विषाणू लाळेत आणि विष्ठेत असतो. कावळ्याला तो बहुधा मेलेल्या पक्ष्याचं मांस किंवा पोल्ट्रीचा कचरा खाऊन लागतो, आणि संध्याकाळी सगळे एका झाडावर वस्तीला येतात. एका झाडाखाली दोन-तीन दिवसांत तीन-चार कावळे मेले, तर ते कळवण्यासारखंच आहे.

कबुतरांत मान पूर्ण उलटी वळलेली दिसते ती बहुतेक वेळा राणीखेतच्या घराण्यातल्या विषाणूने. आपल्याकडे कोंबड्यांमधल्या राणीखेतला मानमोडी म्हणतात ते उगाच नाही. असं कबूतर दाणा टिपायला जातं आणि चोच बाजूला आपटते. कबुतरांच्या घशात पिवळे, चिकट थर येतात ते वेगळ्याच सूक्ष्म परजीवीने. असं कबूतर खाल्लेल्या शिक्र्याला किंवा घुबडालाही ते होतात. देवीचे फोड चोचीच्या मुळाशी आणि डोळ्यांभोवती दिसतात, ते डासांमार्फत पसरतात आणि पुष्कळ पक्षी त्यातून आपोआप बरे होतात. गोदाघाटावर आणि चौकाचौकांत कबुतरांना पोत्याने धान्य टाकणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: एवढी दाटी एकाच जागी केली की दाण्याबरोबर विष्ठाही पोटात जाते. पुण्याच्या भावनेने चाललेलं काम पक्ष्यांच्याच जिवावर उठतं.

गिधाडांबद्दल थोडं वेगळं. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत, हरसूलकडे खोरीपाड्याला वनविभागाने गिधाडांसाठी खाद्याची जागा केली आहे. मान खाली टाकून तासन्‌तास बसलेलं गिधाड दिसलं तर ते जनावराला दिलेल्या वेदनाशामकाचं विष असू शकतं. डायक्लोफिनॅकने गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, असेक्लोफिनॅक आणि केटोप्रोफेनवर २०२३ मध्ये. तुमच्या गोठ्यात औषधोपचार चालू असताना बैल किंवा गाय दगावली, तर ती उघड्यावर टाकू नका, पुरा. आणि डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगा. ते गिधाडांना सुरक्षित आहे.

सस्तन प्राण्यांमध्ये

इथे सगळ्यात आधी एकच गोष्ट मनात पक्की करा. कोल्हा, मुंगूस, तरस, उदमांजर, बिबट्या यांपैकी कुणीही माणसाला न भिता भर दिवसा जवळ येत असेल तर तो माणसाळलेला नाही, आजारी असावा असंच धरा. पिसाळलेला कोल्हा लाळ गाळतो, समोर येईल त्याला चावतो किंवा उलट अगदी सुस्त, लुळा होतो. दुसरं रूप जास्त फसवं असतं, कारण लोक त्याला पाणी पाजायला जातात.

डिस्टेंपर लांबून अगदी रेबीजसारखाच वाटतो. डोळ्यांना-नाकाला चिकट घाण, जबड्याला झटके, तोल जाणं. हा मुळात कुत्र्यांमध्ये फिरणारा विषाणू. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह गेले, त्यात याच विषाणूचा हात होता. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसातला बिबट्या वस्तीवरची कुत्री उचलतो हे आपण रोज ऐकतो. आजारी कुत्रं त्याच्या पोटात गेलं तर विषाणूही जातो. वस्तीवरच्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपर दोन्हींच्या लसी टोचून घेणं, हे मी बिबट्याच्या संरक्षणाचं काम मानतो.

खरूज झालेला कोल्हा मी निफाडजवळ, तोडणी झालेल्या उसाच्या फडात पाहिलाय. शेपटी दोरीसारखी उघडी, कानांच्या कडा जाड आणि भेगाळलेल्या, कातडी हत्तीसारखी. दहा पावलं चालायचा आणि बसून मागच्या पायाने खाजवत राहायचा. लोक दगड घेऊन धावले, कारण तो भुतासारखा दिसत होता. हा आजार कातडीत बिळं करणाऱ्या बारीक किड्यांचा असतो आणि योग्य उपचाराने बरा होऊ शकतो. पण औषध लावलेलं मांस फेकून उपचार करायला जाऊ नका. ते कुणाच्या पोटात किती जाईल याचा नेम नाही.

येवल्याच्या ममदापूर-राजापूर भागात काळविटं आणि शेळ्या-मेंढ्या एकाच पाणवठ्यावर येतात. लाळ्या खुरकूत आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) या वाटेने हरणांकडे जाऊ शकतो. लंगडणारं, तोंडातून लाळ गळणारं किंवा नाक वाहणारं काळवीट दिसलं तर आपल्या कळपाचं लसीकरण झालंय का हे आधी तपासा. आणि कुठलाही चरणारा प्राणी अचानक मेलेला, पोट फुगलेलं, नाकातोंडातून काळपट न गोठणारं रक्त, असं दिसलं तर संशय फाशी रोगाचा. असं मढं फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही, ओढत न्यायचं नाही. हवा लागली की जंतू टणक कवच धरतात आणि मातीत अनेक वर्षं जिवंत राहतात.

वटवाघळांविषयी एवढंच: जुन्या वाड्यांत, लेण्यांत राहतात तिथे त्यांना राहू द्या, धूर करू नका, आणि त्यांनी कुरतडलेली फळं खाऊ नका.

पायरी तिसरी: फोन

वन्यप्राणी-पक्ष्यासाठी वनविभागाची हेल्पलाइन १९२६. कोंबड्या किंवा जनावरंही मरत असतील तर पशुसंवर्धन विभागाची १९६२. फोनवर गोष्ट सांगत बसू नका. असं सांगा: "मी अमुक गावाच्या शिवारातून बोलतोय, कालव्याच्या पुलाजवळ, आज सकाळी साडेसातला पाच कावळे मेलेले आणि दोन जिवंत दिसले, जिवंतांची मान वाकडी आहे, व्हिडिओ काढलाय, लोकेशन पाठवतो." समोरच्याचं नाव आणि वेळ वहीत लिहा. दोन तासांत कुणी आलं नाही तर पुन्हा फोन करा. जखमी किंवा आजारी प्राण्यांसाठी म्हसरूळला वनविभागाचं उपचार केंद्र आहे, पण तिकडे स्वतः घेऊन निघण्याआधी विचारा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे मोर, घुबड, बिबट्याचं पिल्लू यांना पकडणं किंवा घरी ठेवणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. आणि व्हिडिओ आधी गावाच्या ग्रुपवर टाकू नका. अर्ध्या तासात शंभर माणसं जमतात. आजारी प्राणी तिथे धास्तीने मरतो, नाहीतर कुणाला तरी चावतो.

पायरी चौथी: हात लावायचाच झाला तर

सस्तन प्राण्याला नाही. माकडाच्या पिल्लालाही नाही, मुंगसालाही नाही. पक्ष्याला, तेही कर्मचाऱ्यांनी फोनवर सांगितलं तरच, आणि एकापेक्षा जास्त पक्षी आजारी असतील तर अजिबात नाही.

एकटा कोकीळ किंवा मांज्याने जखमी झालेली घार उचलायची असेल तर रबरी हातमोजे, नाकातोंडावर एन-९५ मास्क. जुना टॉवेल डोक्यासकट अंगावर टाका. अंधार झाला की पक्षी शांत होतो. शिकारी पक्ष्याची चोच नव्हे, नखं सांभाळा. पुठ्ठ्याच्या खोक्याला पेन्सिलीने भोकं पाडा, तळाला वर्तमानपत्र, झाकण बंद, आणि सावलीत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते थेट फुप्फुसात जातं. दूध, पोळी, भात काहीही नको. मोबाइल लावून फोटो काढायला झाकण सारखं उघडू नका.

पायरी पाचवी: मेलेला पक्षी

आधी विचारा, मगच हलवा. नमुना हवा असेल तर तो ताजा हवा: मेल्यापासून काही तासांतला, सावलीत ठेवलेला. सांगितलं तर पिशवी हातावर उलटी घालून पक्षी धरा, पिशवी सुलटी करत गाठ मारा, त्यावर दुसरी पिशवी. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये नाही, गोठला की पेशींची रचना बिघडते आणि तपासणीला अडचण येते. घरातल्या फ्रीजमध्ये तर मुळीच नाही. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, जात. नमुना नको म्हणाले तर पुरण्याची जागा तेच सांगतील. सहसा पाण्यापासून दूर, खोल खड्डा, चुन्याचा थर, कुत्र्यांना उकरता येणार नाही असा.

पायरी सहावी: स्वतःची काळजी

हातमोजे उलटे करून काढा, साबणाने हात धुवा, चपला-बुटांचे तळवे धुवा, आणि त्याच कपड्यांत कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊ नका. पुढचे दहा दिवस ताप, घसादुखी, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना पक्ष्याचं सांगा. ते आपणहून विचारणार नाहीत.

सस्तन प्राणी चावला, ओरबाडला किंवा त्याची लाळ जखमेवर पडली तर तिथल्या तिथे वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा, कारण आपल्याला दोनच मिनिटांत पुरे वाटतं. हळद, मिरची, चुना काही नको. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं प्रतिद्रव्यही (रेबीज इम्युनोग्लोब्युलिन) लागतं, ते स्वतःहून विचारा. त्वचेत द्यायच्या लसीचे डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. जखम भरली म्हणून शेवटचा डोस चुकवणारे खूप भेटतात, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस हाती लागत नाही. पक्ष्याने चोच मारली तर रेबीजची लस लागत नाही, धनुर्वाताची मात्र विचारून घ्या.

अंगण आणि गच्ची

गावठी कोंबड्यांचं खाणं-पाणी उघड्यावर ठेवू नका, रानपक्षी त्यावर येतात. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकली की ती कावळ्याच्या आणि कुत्र्याच्या पोटात जाते. बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरचा परिसर बाधित आणि दहा किलोमीटरपर्यंतचा निगराणीखाली येतो. म्हणून लपवण्यात शेजाऱ्याचंही नुकसान आहे. अंडी-मांस पूर्ण शिजवलेलं असेल तर खायला हरकत नाही.

उन्हाळ्यात गच्चीवर ठेवलेलं पाण्याचं मातीचं भांडं रोज ओतून, घासून पुन्हा भरायचं, आठवड्यातून एकदा कडक उन्हात कोरडं होऊ द्यायचं. दाणा थोडाच, संध्याकाळपर्यंत संपेल एवढा. आजारी पक्षी दिसला तर दोन आठवडे दाणा-पाणी दोन्ही बंद, म्हणजे पक्षी पांगतात.

कळवल्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्याच नंबरवर फोन करून नमुन्याचं काय झालं ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं की काही निघालं नाही, उष्माघात असावा. तेही वहीत लिहा, तारखेसकट. पुढच्या हिवाळ्यात त्याच झाडाखाली पुन्हा कावळा पडला, की ती ओळ पशुवैद्यकाला वाचून दाखवता येते.